हवेचा पंप आणि त्याची दोन टोकं

पारनेर-कर्जतच्या बाजूला गाडी बांधाकडेला लावली की बाभळीचा काटा ठरलेला. त्यामुळे डिकीत बारा व्होल्टचा छोटा हवेचा पंप ठेवणारे नगरकर पुष्कळ आहेत. वर्षभर न वापरलेला पंप ऐन वेळी मुका होतो, हेही जवळपास ठरलेलं. मग ‘मोटर जळली’ म्हणत लोक तो मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नेतात. सावेडीतल्या अशाच एका दुकानात मी काही दुपारी नुसता बघत बसलो.

तिथले काका पंप लगेच उघडत नाहीत. “आवाज येतो का?” हा पहिला प्रश्न. येत नसेल, तर ते लायटरच्या सॉकेटात जाणारी पिन धरतात आणि टोकाची गोल कडी पिळून काढतात. स्प्रिंग, पितळी टोपी आणि काचेचा फ्यूज टेबलावर घरंगळतो. फ्यूज उजेडाकडे धरला की आतली तार तुटलेली दिसते. दिसली नाही तरी मल्टीमीटर लावायचाच, कारण तार कधी टोपीच्या आत सुटलेली असते. इथे दोष सापडला नाही तर गाडीचा फ्यूज. निळा पंधरा अँपिअरचा, पिवळा वीसचा. आणि निळ्याच्या जागी पिवळा ठोकणाऱ्यांवर काका मनापासून चिडतात. “फ्यूज वाचंल हो, पण वायर जळंल त्याचं काय?” सॉकेटात पडलेलं रुपयाचं नाणंही फ्यूज उडवतं.

ज्या सॉकेटवर मोबाईल झकास चार्ज होतो, तिथे पंप कण्हतो, याचं लोकांना नवल वाटतं. चार्जर एक-दोन अँपिअर ओढतो, पंपाला दहा-बारा लागतात. पिन जरा सैल बसली किंवा तिच्यावर काट चढली, की तेवढ्या जागी भट्टी पेटते. एका पिनचं प्लास्टिक वितळून स्प्रिंग त्यात रुतलेली मी पाहिली. मोटर ठणठणीत होती. घरच्या राउटरच्या अडॅप्टरवर पंप लावून ‘चालत नाही’ म्हणणारेही येतात. व्होल्ट बाराच असले तरी एक-दोन अँपिअरवर ही मोटर फिरणार कशी? गाडीतही इंजिन चालू ठेवूनच पंप लावावा, आणि तेही उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही.

आवाज येतो पण हवा जात नाही, हा प्रकार जास्त मजेचा. इथे काका पंपावरच्या दाबाच्या काट्याकडे बघतात. नोझल लावून बटण दाबताच काटा साठ-सत्तरवर उडाला आणि आवाज जड झाला, तर पंप उत्तम आहे. हवा नळीतच कोंडली आहे. नोझलने व्हॉल्व्हची पिन दाबलेलीच नाही. खटक्याचं नोझल पुरतं आत न ढकलता खटका पाडला की हमखास हे होतं. उलट, आवाज हलका आणि काटा शून्यावर, म्हणजे हवा तयारच होत नाही किंवा वाटेत सुटते. नळीवरून ओला हात फिरवला की फट सापडते. बहुतेक वेळा ती पंपाजवळच्या जोडावर, नळी गुंडाळून ठेवल्याने चिरलेली. नळी धड निघाली, तरच स्क्रू ड्रायव्हर.

आत एक मोटर, दोन गिअर, दट्ट्या आणि अंगठ्याएवढा सिलिंडर. त्याच्या डोक्यावर धातूची पातळ पट्टी, तोच झडपेचा पडदा. तिच्याखाली धुळीचा कण अडकला तरी हवा मागे फिरते. ब्रशने पुसली की काम झालं. दट्ट्याची रिंग झिजली असेल तर मात्र काका मान हलवतात. सुटी रिंग मिळवण्याच्या खटपटीपेक्षा नवा पंप परवडतो.

रिंग झिजते ती तापून. छोट्या गाडीच्या टायरची पोकळी पंचवीस-तीस लिटरची. रिकामा टायर ३३ पीएसआयपर्यंत भरायचा तर बाहेरची साठ-पासष्ट लिटर हवा आत कोंबावी लागते. हवा दाबली की तापते. उष्णतेला वाटच मिळाली नाही, तर या दाबाला ती हिशेबाने दीडशे अंशांपर्यंत जाते. त्यात नगरचा मे महिना. दहा मिनिटं चालवलेल्या पंपाचं पितळी नोझल मी उघड्या बोटांनी धरून पाहिलं आणि लगेच सोडलं. म्हणून एक टायर झाला की पंपाला थंड होऊ द्यायचं. खोक्यावर छापलेल्या १५० पीएसआयला माझ्या मते काडीची किंमत नाही. कारला एवढा दाब कुठे लागतो? मिनिटाला किती लिटर हवा देतो, ते विचारावं. तो आकडा बारीक अक्षरात असतो, कधी नसतोच.

एका तक्रारीला मात्र पंपाकडे इलाज नाही. ट्यूबलेस टायर पूर्ण बसून त्याची कड रिमवरून सुटली असेल, तर छोटा पंप घातलेली हवा फटीतून तशीच बाहेर सोडतो. कड रिमवर चढवायला हवेचा मोठा झोत लागतो; त्यासाठी चाक काढून पंक्चरवाल्याकडेच न्यायचं.

दुरुस्त पंप देताना काका तो दुकानातल्या गेजशी पडताळून बघतात. पंप चालू असताना काटा नेहमीच थोडा जास्त दाखवतो, म्हणून बंद करून वाचायचं. बंद केल्यावरही फरक उरला, तर तेवढा आकडा मार्करने झाकणावर लिहितात. मी बसलो असताना गेलेल्या एका पंपावर लिहिलं होतं: ‘३ कमी धरा’.