तोंडाला रक्त लागलेला कुत्रा : समजुती आणि वस्तुस्थिती

अचलपूर-परतवाड्याच्या जुन्या वस्तीत एकाच अंगणात कुत्रा, मांजर, खुराड्यातल्या कोंबड्या आणि अलीकडे मुलांच्या हौसेखातर आणलेला ससा असा संमिश्र परिवार नांदताना दिसतो. आणि एखाद्या दिवशी खुराड्याची कडी लावायची राहते, किंवा मांजर अंगणातून एकाएकी धावत सुटते, आणि घरच्याच कुत्र्याच्या जबड्यात घरचाच जीव सापडतो. त्या कुटुंबाचे दुःख दुहेरी असते, कारण मेलेला आपला आणि मारणाराही आपलाच. अशा वेळी आप्त आणि शेजारी जो फैसला देतात, तो बहुधा काही जुन्या समजुतींवर उभा असतो, आणि त्या समजुतींची किंमत मुक्या प्राण्यांना मोजावी लागते.

पहिली समजूत अशी की कुत्रा उपाशी असला पाहिजे. वस्तुतः पोटभर जेवलेला कुत्राही पळत्या कोंबडीमागे धावतो, तिला मारतो आणि पुष्कळदा तोंडही न लावता तेथेच टाकून देतो. टक लावून पाहणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, पकडणे आणि झटका देऊन मारणे या शिकारीच्या प्रवृत्तीच्या एकापुढे एक बांधलेल्या पायऱ्या आहेत, आणि भुकेवाचूनही ती प्रवृत्ती जागी होते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून यांतील काही पायऱ्या वाढवल्या, काही दाबल्या : मेंढ्या हाकणारा बॉर्डर कॉली पाठलागापाशी थांबतो, रिट्रीव्हर पक्षी न चिरडता आणून देतो, टेरियर मात्र उंदीर जागीच मारतो. आपल्याकडचे कारवानी आणि मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेले मुधोळ कुत्रे तर नजरेने सावज हेरून वेगाने गाठण्यासाठीच जोपासले गेले. अशा कुत्र्याने सशामागे धाव घेतली, तर तो दुष्ट ठरत नाही.

‘एकदा तोंडाला रक्त लागले की संपले’, ही समजूत निम्मी खरी आहे, म्हणूनच अधिक घातक. चटक लागते ती रक्ताची नव्हे. पाठलाग यशस्वी होणे हेच कुत्र्याचे बक्षीस असते, आणि तशी संधी जितक्या वेळा मिळेल तितकी सवय घट्ट होते. त्यामुळे मांस बंद करून वरण-पोळी घातल्याने काही साधत नाही; संधी बंद करावी लागते. खच्चीकरणाचे इतर फायदे आहेत, पण शिकारीची ओढ त्याने जात नाही.

कुत्र्याला आपला कसूर कळतो, कारण तो मान खाली घालतो, असे बहुतेकांना वाटते. 2009 मध्ये अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 14 कुत्र्यांवर प्रयोग केला, तेव्हा तो ‘अपराधी’ चेहरा मालकाच्या रागावण्यानेच अधिक उमटतो, मग कुत्र्याने मना केलेला घास खाल्लेला असो वा नसो, असे दिसून आले. म्हणून घटनेनंतर दिलेला मार, किंवा मेलेली कोंबडी गळ्यात बांधणे, या शिक्षांचा संबंध कुत्रा त्या कृत्याशी जोडत नाही. तो फक्त धन्याला भिऊ लागतो.

लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांत भय नाही, हेही पूर्ण खरे नव्हे. पिलाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यांतील सहवास मोलाचा असतो खरा, परंतु घरातल्या मांजरीशी झालेली दोस्ती शेजारच्या मांजरीला लागू पडत नाही, आणि ओसरीवर निजलेली मांजर व अंगणातून पळणारी मांजर कुत्र्याच्या लेखी एक नसतात. कोंबडी मारणारा कुत्रा उद्या मुलांनाही फाडील, ही भीतीही निराधार आहे. तथापि तान्हे मूल कोणत्याही कुत्र्याजवळ एकटे ठेवू नये, हा नियम शिकार न करणाऱ्या कुत्र्यालाही लागू आहे.

सर्वांत मोठी हयगय होते ती जखमेच्या बाबतीत. वर दाताचे दोन बारीक व्रण दिसतात, घरचे लोक त्यांत हळद भरतात, आणि मांजर खाटेखाली जाऊन बसते. पण कुत्र्याने धरून झटकले असता कातडी आतून मांसापासून सुटते, पोटातले अवयव चिरडतात; ससा तर जखमेवाचूनही निव्वळ धक्क्याने मरू शकतो. व्रण कितीही लहान असो, जनावराला त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्यावे; गंभीर प्रकरणांसाठी अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. सोडवताना माणसाला दात लागले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

शेवटचा सल्ला परतवाड्यात हमखास मिळतो : ‘चिखलदऱ्याच्या वाटेवर सोडून या.’ हा सल्ला क्रूर तर आहेच. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राणी टाकून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि ही वाट ज्या मेळघाटात जाते त्याला 1974 पासून व्याघ्र प्रकल्पाचे संरक्षण आहे; तेथील ससे व चितळाची पाडसे अशा कुत्र्याच्या पुढ्यात टाकणे हा दुसरा अपराध होय.

त्यापेक्षा बंदोबस्त घरीच करावा. कुत्रा आणि दुसरा प्राणी या दोघांमध्ये एक नव्हे, दोन दारे असावीत. अंगणात कुत्रा दोरीवर असावा. मुसक्याची सवय शिक्षा म्हणून नव्हे, खाऊ देत देत लावावी. ‘ये’ आणि ‘सोड’ हे शब्द शांत वेळी रोज घोटून घ्यावेत. आणि देखरेखीवाचून दोघांना क्षणभरही एकत्र सोडू नये. घर लहान असल्यामुळे हे जमत नसेल, तर ससा किंवा कोंबड्या विश्वासाच्या घरी द्याव्यात, त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांच्या घरी हा प्रसंग घडून गेला आहे त्यांना विनंती एवढीच की, कडी उघडी राहिल्याचा ठपका घरातल्या लहान मुलावर ठेवू नका. त्याला मनसोक्त रडू द्या, आणि आजच खुराड्याला दुसरी कडी बसवून घ्या.