विमानातील आसननिवड : सोय आणि सुरक्षितता

धाराशिव जिल्ह्यातून नियमित प्रवासी विमानसेवा नसल्याने येथील अध्यापकांना दूरच्या परिसंवादासाठी जिल्ह्याबाहेरील विमानतळ गाठावा लागतो. तिकीट काढताना आसन कोणते घ्यावे, हा प्रश्न तेव्हा उपस्थित होतो.

सोयीच्या दृष्टीने पंखांजवळील आसने उपयुक्त ठरतात. विमानाचा गुरुत्वमध्य तेथे असल्याने हेलकावे कमी जाणवतात. शेपटीकडे ते अधिक जाणवतात.

सुरक्षिततेचे गणित मात्र इतके सरळ नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथील अपघातात विमानातील २४२ जणांपैकी संकटकालीन दरवाजालगतच्या ‘११-ए’ या आसनावरील एकच प्रवासी वाचला. याउलट, २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातील मुआन येथे १८१ जणांपैकी वाचलेले दोघे विमानकर्मचारी शेपटीच्या भागात होते. यावरून कोणताही आसनक्रमांक मुळात सुरक्षित नसतो, हे स्पष्ट होते.

प्रवाशाच्या हाती असलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत. बसल्यापासून पट्टा बांधलेला असावा. जवळच्या दरवाजापर्यंतच्या रांगा मोजून ठेवाव्यात. धुरात दिसेनासे झाल्यावर ही मोजणीच वाट दाखविते. निम्मे दरवाजे बंद असतानाही ९० सेकंदांत विमान रिकामे होते, हे निर्मात्यास प्रमाणित करावे लागते. सामानासाठी थांबणारा एक प्रवासी हा हिशेब कोलमडवू शकतो. तात्पर्य, आसन सोयीसाठी निवडावे. सुरक्षिततेची भिस्त सावधपणावर ठेवावी.