दोन तोंडांचा गरुड

रशिया पूर्वेचा की पश्चिमेचा, हा प्रश्न आमच्या उपनगरवासी वाचकांस दूरचा वाटेल. परंतु तो तसा नाही. १९५८ साली स्थापन झालेली पवईची तंत्रशिक्षणसंस्था युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारे अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियास जाऊन आले व त्यांनी आपला प्रवास लिहून ठेविला. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु ताश्कंद १८६५ साली व खिवा १८७३ साली ज्या झारशाहीने जिंकले, तिने तेथे आपण युरोपीय सुधारणेचे वाहक आहो, असेच म्हटले होते. पश्चिमेशी बिनसले की तेच राष्ट्र स्वतःस पूर्वेचे म्हणविते. १९९३ साली त्याने दोन तोंडांचा गरुड पुन्हा राजचिन्ह केला, आणि २०२२ साली युक्रेनवर सैन्य घातले. गिऱ्हाइकाची पत त्याच्या गोड बोलण्यावरून नव्हे, तर शेजाऱ्यांशी असलेल्या त्याच्या व्यवहारावरून ठरते, हे आमचे व्यापारी जाणतात. राष्ट्रांसही तोच न्याय लावावा. स्नेह अवश्य राखावा; पण दुर्बलाच्या स्वातंत्र्याविषयी मौन ही त्याची किंमत नसावी.