हलवलेले झाड का सुकते?

अंधेरी-घाटकोपरपासून बोरीवली-मुलुंडपर्यंत मेट्रोमार्ग आणि रुंद रस्ते यांच्या आड अनेक झाडे आली. ती तोडण्याऐवजी मुळांच्या गोळ्यासह उचलून दुसरीकडे लावावीत, ही सोय महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातच आहे. पण उचलणे सोपे, जगवणे अवघड. मेट्रो-३ साठी हलवलेल्या झाडांपैकी निम्म्याहून अधिक मेल्याचे २०१९ मधील पाहणीत दिसले.

असे का होते? जाड मुळे झाडाला आधार देतात. पाणी शोषतात ती टोकांजवळची केसासारखी बारीक मुळे. ही मुळे पसाऱ्याच्या बाहेरपर्यंत, बहुधा जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये पसरलेली असतात. झाड उचलताना त्यांतली बहुतेक जुन्या जागीच तुटून राहतात. पाने मात्र बाष्पोत्सर्जन करतच राहतात. जमा थोडी आणि खर्च तेवढाच, म्हणून पाने माना टाकतात.

समजा, शाळेच्या आवारात असे एक ताम्हणाचे झाड आणून लावले आहे आणि त्याची पाने लोंबत आहेत. आपण लगेच पाणी घालू. परंतु मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. उपनगरांत भरावाची जमीन पुष्कळ, त्यात पावसाळा. खड्ड्यात पाणी साचले की मुळे गुदमरून कुजतात आणि पाने तहानेने लोंबावीत तशीच लोंबतात! म्हणून पाइप उचलण्याआधी खुरप्याने वीतभर खोल माती उकरून पाहावी. ओली असेल तर पाणी नको. कोरडी असेल तर मुळांच्या मूळ गोळ्यावरच सावकाश, भरपूर पाणी द्यावे. भोवतालची माती ओली असूनही गोळा कोरडा राहिलेला असू शकतो. शेजारी फूटभर खोल खड्डा करून त्यात पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच असेल तर आधी निचऱ्याची सोय करायला हवी. हा प्रयोग आठवीची मुलेही करू शकतील.

रासायनिक खत देऊ नये. शोषायला मुळेच नसताना मातीतले क्षार वाढले, तर उरलेल्या मुळांनाही पाणी घेणे जड जाते. वारंवार छाटणीही नको, कारण नव्या मुळांसाठी लागणारे अन्न पानेच तयार करतात. त्याऐवजी बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चार बोटे जाड थर द्यावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. पेव्हर ब्लॉक लांब ठेवावेत. आधाराच्या काठ्या सैल बांधाव्यात आणि वर्षभराने काढाव्यात.

झाड मेले की जिवंत आहे, हे नुसत्या पानांवरून ठरवू नये. ताम्हणाची पाने हिवाळ्याच्या शेवटी एरवीही गळतात. कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा दिसला तर खोडाकडे सरकत पुन्हा पाहावे. बुंध्याजवळ हिरवे सापडले, तर आणखी एक पावसाळा वाट पाहायला हरकत नाही.