ब्लॉकचेन, मूलस्तरीय : वेग व विकेंद्रीकरण
दुसऱ्या जाळ्याच्या आधाराविना स्वतःच व्यवहारांची नोंद व पडताळणी करणारी सामाईक संगणकीय खातेवही. प्रत्येक नोंद सर्व सहभागी संगणकांनी स्वतंत्रपणे तपासावयाची असल्याने वेग व विकेंद्रीकरण सहसा परस्परविरोधी ठरतात. बिटकॉइनमध्ये (२००९) सरासरी १० मिनिटांनी नवा नोंदगट जोडला जातो व सेकंदास फार तर सु. ७ व्यवहार होतात. परंतु साध्या घरगुती संगणकावरही संपूर्ण खातेवही तपासता येते. ईथीरियममध्ये (२०१५) सप्टेंबर २०२२ पासून हे अंतर १२ सेकंद, तर सोलानामध्ये (२०२०) सु. ०·४ सेकंद आहे. सोलानाच्या पडताळणीस मात्र शक्तिशाली संगणक लागतात. त्यामुळे ती तुलनेने थोड्यांच्या हाती राहते. सप्टेंबर २०२१ मध्ये व्यवहारांच्या अतिभाराने हे जाळे सु. १७ तास बंद पडले होते. म्हणून अशा खातेवहीचे मोल ठरविताना वेगाबरोबरच ती किती जणांना स्वतः तपासता येते, हेही पाहावे लागते.