टंगस्टन आणि विडिया: कठीणपणाचे श्रेय कोणाचे?

टंगस्टन हा सर्वांत कठीण धातू, हा समज वर्कशॉपमध्येही पक्का रुजला आहे. प्रत्यक्षात शुद्ध धातूंत ओरखड्याला दाद न देण्यात क्रोमियम त्याच्या पुढे आहे, आणि अतिशुद्ध टंगस्टन तर हॅक्सॉने कापता येतो. यावर कोणीही टर्नर विचारेल, मग लेथवर पोलाद सोलणारे टूल कशाचे असते? सिमेंटच्या भिंतीला भोक पाडायचा बिट उजेडात धरून पाहा. दांडा पोलादी, टोकाच्या खाचेत एक राखाडी तुकडा आणि त्याच्या कडेने बहुधा झाळणाची पिवळसर रेघ. काम करतो तो एवढासा तुकडा, आणि तो टंगस्टनचा नव्हे, टंगस्टन कार्बाइडचा असतो. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाचे बारीक कण कोबाल्टमध्ये घट्ट बांधून तो घडवतात. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने 1920 च्या दशकात हा माल ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून बेतलेल्या नावाने बाजारात आणला. आपले कारागीर आजही त्याला ‘विडिया’च म्हणतात.

विडिया कठीण आहे, पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. ओरखडा न पडणे हा एक गुण, घाव सोसणे हा दुसरा. त्यासाठी मराठीत ‘चिवट’ असा नेमका शब्द आहे. कोबाल्ट वाढवला की विडिया चिवट होतो, पण कठीणपणा उतरतो. म्हणून कठीण राखलेल्या टूलला चुकीचा धक्का बसला की त्याचा टवका उडतो. कार्बाइडची अंगठी बोटात अडकली तर कापता येणार नाही, ही भीतीही याच गोंधळातून येते. ती कापत नाहीत. पकडीत हळूहळू दाबून तडकवतात.

टंगस्टनचा स्वतःचा खरा गुण म्हणजे उष्णता सोसणे. तो 3422 अंश सेल्सिअसला वितळतो; इतका उच्च वितळणबिंदू दुसऱ्या कोणत्याही धातूचा नाही. म्हणूनच तो सहसा ओतीव कामासाठी वितळवत नाहीत, भुकटी दाबून आणि तापवून घट्ट करतात. असा टंगस्टन थंड असताना ठिसूळ असतो. 1910 च्या सुमारास अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी तो तापवून, ठोकून आणि ओढून लवचीक केला, तेव्हा कुठे पिवळ्या बल्बची केसासारखी तार जमली. घनता मात्र जवळजवळ सोन्याइतकी, त्यामुळे टंगस्टन भरलेली खोटी सोन्याची वीट नुसत्या वजन-आकारमानावरून ओळखता येत नाही.

दुर्मीळ म्हणावा, तर भूकवचात तो चांदीपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. अडचण आहे ती खणण्याजोग्या साठ्यांची आणि पुरवठ्याची: जगातले सुमारे चार-पंचमांश उत्पादन एकट्या चीनचे. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव परिसरात त्याची खनिजे सापडली आहेत, पण खनिज सापडणे आणि खाण परवडणे यांत मोठे अंतर असते.