प्रभावी वक्तृत्वाला हवी प्रामाणिकपणाची जोड

खणखणीत आवाज आणि शब्दांची आतषबाजी म्हणजेच वक्तृत्व, असा अनेकांचा समज असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले भाषण या समजाला छेद देते.

घटनानिर्मितीला विलंब झाल्याच्या आक्षेपाला त्यांनी आकड्यांनीच उत्तर दिले. अमेरिकेची घटना चार महिन्यांत तयार झाली, ही अडचणीची बाब त्यांनी लपवली नाही. मात्र ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली आणि आपल्या सभेपुढे २,४७३ दुरुस्त्या होत्या, याकडेही लक्ष वेधले. प्रतिकूल माहितीसह बाजू मांडणे, हा नैतिक वक्तृत्वाचा पहिला नियम.

दुसरा नियम श्रेयाचा. घटनेच्या कामाचे श्रेय त्यांनी बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आदींना नावानिशी दिले. तिसरा नियम निर्भीडपणाचा. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी त्या समारोपाच्या प्रसंगीही दिला.

विषयाची तयारी, मुद्द्यांचा क्रम आणि वेळेचे भान यांमुळे भाषण प्रभावी होते. ते विश्वासार्ह ठरते, ते मात्र वक्त्याच्या प्रामाणिकपणामुळेच.